पंचमीचा भात

कल्याणात पारनाक्याच्या मागच्या आळीत आनंदराव टिपणीस राहत, आणि त्यांना भाताचं वेड आहे हे सगळ्या आळीला ठाऊक होतं. वेड खाण्याचं नव्हे. ताटात काय वाढलंय याची त्यांना शुद्ध नसे. तुळसाने, म्हणजे त्यांच्या बहिणीने, एखाद दिवशी भाताऐवजी भुसा वाढला असता तरी त्यांनी तो कालवून खाल्ला असता. वेड होतं ते उभ्या भाताचं, आणि त्यातही त्याच्या फुलाचं.

आता भाताला फूल येतं, हे निम्म्या कल्याणाला माहीत नव्हतं. दोन्ही वेळा भात ओरपणाऱ्या माणसाला विचारावं, बाबा, भाताचं फूल कधी पाहिलंस का, तर तो उलट आपल्याकडेच संशयाने बघेल. पण फूल येतं. भाद्रपद-आश्विनात, सकाळी ऊन जरा चढलं की लोंबीतला एकेक दाणा आ वासतो, आतले सहा केसर बाहेर लोंबतात, आणि तासाभरात ते तोंड मिटतं ते कायमचं. त्या तासाभरासाठी आनंदराव वर्षभर जगत असत.

हे खूळ त्यांच्या डोक्यात भरलं ठाण्याला. तरुणपणी ते तिथे कचेरीत नकाशे काढायच्या कामावर होते. एका गोऱ्या अधिकाऱ्याला झाडापानांचा नाद होता. त्याने या पोराचा हात स्थिर आहे हे हेरलं आणि त्याच्याकडून फुलांची चित्रं काढून घ्यायला सुरुवात केली. फूल उभं चिरायचं कसं, केसर कुठले, गर्भ कुठला, एकाची भुकटी दुसऱ्याला लावली तर बी कसं धरतं, हे सगळं आनंदराव त्याच्यापाशी शिकले. साहेब विलायतेला गेला तेव्हा आपलं भिंग आणि एक बारीक चिमटा यांना देऊन गेला. पुढे यांनी त्याला सात पत्रं लिहिली. उत्तर एकाचंही आलं नाही. पण भिंग राहिलं. बायको लग्नानंतर तीन वर्षांत गेली, मूलबाळ नव्हतं, लहानपणीच विधवा झालेली तुळसा घर सांभाळायला आली, आणि आनंदरावांना भिंगातून मान वर करायचं काही कारणच उरलं नाही.

कारण मिळालं ते अठराशे ब्याऐंशी सालच्या उधाणात. डोंबिवली तेव्हा चारदोन पाड्यांचं गाव होतं. त्याच्या खाली खाडीच्या काठाला बांध घालून लोक खाजणात भात पिकवत. त्या साली बांध फुटला, खारं पाणी तीन दिवस शेतात उभं राहिलं, आणि पीक तांबडं होऊन बसलं. आनंदराव कचेरीतर्फे नुकसानीचा नकाशा काढायला गेले होते. सगळीकडे मेलेलं भात. फक्त एका डबक्याच्या कडेला, त्याच खाऱ्या पाण्यात, हिरवंगार गवतासारखं काहीतरी ताठ उभं होतं.

"हे काय?" त्यांनी धाकूला विचारलं. धाकू म्हणजे तिथला आगरी शेतकरी. त्याचंच शेत गेलं होतं, तरी सायबाला होडीतून फिरवायची पाळीही त्याच्यावरच आली होती.

"द्येवभात," धाकू वैतागून म्हणाला. "पेरावा लागं नाय, कापाया जावा तं हाती येय नाय. दाना पिकला का परतं पान्यात. पाखरांचा आन बामनबायकांचा खाना."

देवभात म्हणजे आपोआप उगवणारं रानचं भात. ऋषिपंचमीच्या उपासाला बायका बैलाच्या कष्टाचं काही खात नाहीत. नांगर लागलेल्या जमिनीतला दाणा त्या दिवशी वर्ज्य. म्हणून कातकरणी तळ्याकाठचं हे देवभात टोपल्यांत झोडून घेतात, जपून ठेवतात आणि पंचमीच्या आधी बाजारात आणून विकतात. तुळसाही दरवर्षी घेई. एवढा त्या धान्याचा मान, आणि तोही वर्षातून एकच दिवस.

आनंदराव डबक्याच्या कडेला उकिडवे बसले आणि त्यांना वाटलं, की याची चिवट मुळं आणि जिरेसाळीचा गोड पांढरा दाणा एका रोपात आणता आला तर? एवढंच. पुढची चौदा वर्षं त्या एका वाक्यात गेली.

धाकूने बांधाला लागून असलेला कोपऱ्यातला तुकडा त्यांना दिला. एवढ्याशा जागेत बैल कुठे वळवणार, म्हणून तो कुदळीनेच खणायचा. भात निसवलं, लोंब्या बाहेर पडल्या, की आनंदराव कचेरीतून रजा काढून होडीने जात. जिरेसाळीची लोंबी घ्यायची, संध्याकाळी एकेका दाण्याचं टोक कातरायचं, चिमट्याने सहाच्या सहा केसर उपटायचे, वर मलमलीची पिशवी बांधायची. दुसऱ्या दिवशी देवभात फुललं की त्याची भुकटी आत झटकायची. शंभर दाण्यांवर हात फिरवावा तेव्हा वीस धरत. मलमलीच्या त्या बोटाएवढ्या पिशव्या तुळसा आपल्या जुन्या लुगड्याच्या पदरातून शिवून देई. कशाला, ते तिने कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. पाखरांपासून राखायला असतील, अशी तिची समजूत.

पहिली पिढी सगळी देवभातासारखीच निघाली: तांबडी, कुसळांची, हात लावताच झडणारी. आनंदराव महिनाभर जेवले नाहीत म्हटलं तरी चालेल. पण त्यांनी ती टाकली नाही, पुन्हा पेरली, आणि पुढच्या साली शेतात नुसता गोंधळ माजला. कुठे लाल, कुठे पांढरं, कुठे झडणारं, कुठे न झडणारं. धाकू म्हणाला, "बाराभाईचा कारभार." आनंदरावांनी मात्र एकेक रोप मोजलं. चारशे बारा रोपं. झडणारी तीनशे सात, न झडणारी एकशे पाच. तीन वाट्यांना एक वाटा. पुढच्या सालीही जवळपास तेच. हे उगाच होणार नाही, यात काही कायदा आहे, हे त्यांना कळलं. पण कुठला, ते कळेना. आणि विचारायचं कुणाला? आख्ख्या ठाणे जिल्ह्यात असा एक माणूस नव्हता की ज्याच्यापुढे ही वही उघडावी. त्यांनी पुण्याच्या शेतकी खात्यातल्या एका साहेबाला लांबलचक पत्र धाडलं. उत्तर आलं, की देशी भात मुळातच लहरी असतं, त्याचं फार मनावर घेऊ नये.

त्या दिवशी आनंदराव खाडीकाठी बसून रडले. चांगले पन्नाशीला आलेले गृहस्थ, पागोटं मांडीवर घेऊन रडले. हसणाऱ्याने खुशाल हसावं.

मग वर्षं गेली. दरवर्षी हजारातली दहा रोपं ठेवायची, बाकी उपटायची. दरवर्षी मिठाचं पाणी सोडून बघायचं कोण तगतं. कचेरीतून पेन्शन झाली, चष्मा जाड झाला, हात जरा कापू लागला. आणि बाराव्या-तेराव्या वर्षी एक वाण स्थिरावला. वहीतला त्याचा आकडा त्र्याहत्तर. दाणा पांढरा, लोंबी भरगच्च, झडत नाही, खाऱ्या पाण्यात आठ दिवस मान खाली घालत नाही. दाण्याला अर्ध्या बोटाचं कुसळ तेवढं राहून गेलं होतं. ते पुढे काढू, असं त्यांनी ठरवलं.

धाकूने ते भात हातात चोळून पाहिलं आणि त्याचे डोळे चमकले. "रावसायब, मना येक मूठ द्या. येकच. वरच्या खाचरान लावतंय."

"अजून पक्कं झालं नाही."

"मंग कवा व्हयल?"

"पुण्याचे साहेब बघतील, मान्य करतील, मग देईन. आधी गावभर पसरलं आणि बिघडलं, तर तेरा वर्षं पाण्यात."

धाकूने हातातले दाणे परत दिले. तो पुढल्या साली पुन्हा मागेल, एवढं आनंदरावांना ठाऊक होतं, आणि पुन्हा नाही म्हणायचं हेही. अशा माणसांचं एक असतं. जगासाठी झिजतात आणि शेजाऱ्याला मूठ सुटत नाही.

चौदाव्या वर्षी पहिल्यांदाच त्यांच्याकडे चार शेर बियाणं जमलं. सगळं बी कधी एका वाफ्यात टाकू नये हे त्यांना धाकूनेच शिकवलं होतं. दोन शेर त्यांनी बांधाकडच्या तुकड्यात लावलं. दोन शेर मडक्यात भरलं, मडक्यावर चुन्याने ७३ लिहिलं आणि माजघरातल्या उतरंडीवर अगदी वर ठेवलं. तुळसाला लिहिता-वाचता येत नव्हतं. सांगायला हवं होतं. पण सांगणं म्हणजे बोलणं, आणि त्या घरात बोलणं असं फारसं नव्हतंच. तुळसा म्हणे, "दादा, तेल संपलंय." आनंदराव म्हणत, "हं." तुळसा म्हणे, "दादा, शेजारची कलावती बाळंत झाली." आनंदराव म्हणत, "हं." चौदा वर्षं त्या 'हं'शी तुळसा संसार करत होती. तिच्याशी दुसरं बोलायला होतं कोण? आळीतल्या बायका सवाष्णी. त्यांच्या हळदीकुंकवात हिला जागा नाही. ती उतरंडीवरच्या मडक्यांशी बोलत असेल तर देव जाणे.

श्रावणाच्या अखेरीला एक पत्र आलं. पुण्याला नवा साहेब आला होता, त्याने जुने कागद चाळले होते, आणि तीनाला एक हा हिशेब वाचून तो चकित झाला होता. दिवाळीनंतर तो स्वतः कल्याणला उतरणार होता: पीक पाहायचं होतं, वह्या पाहायच्या होत्या आणि बियाण्याचा नमुना न्यायचा होता. आनंदरावांनी ते पत्र इतक्यांदा वाचलं की घडीवर कागद फाटला. चौदा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांना म्हटलं होतं, की तुम्ही जे पाहिलंत ते मला दाखवा. ते त्याच दिवशी वह्यांची नक्कल करायला बसले.

ऋषिपंचमीच्या सकाळीही ते तेच करत होते. तुळसा दारात येऊन उभी राहिली.

"दादा, यंदा देवभातवाली कातकरीण आलीच नाही हो. बाजार दोनदा पालथा घातला. त्या वरच्या मडक्यातलं तुमचं भात, ते देवभातच ना? कुसळ आहे त्याला. बैल नाही ना लागला त्या जमिनीला?"

आनंदराव सातव्या सालची बेरीज करत होते.

"हं," ते म्हणाले.

"मग घेऊ ना?"

"हं."

ती आत गेली. मागच्या पडवीत मुसळाचे ठोके पडू लागले आणि त्यांची बेरीज एकदा चुकली, म्हणून त्यांनी दार लोटून घेतलं. दुपारी जेवायला बसले तेही वही समोर टेकवून. जेवून उठले आणि पुन्हा बेरजेत शिरले.

सर्वपित्री अमावास्येला मोठं उधाण आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकू दारात. अंगावर चिखल वाळलेला.

"रावसायब, बांद फुटला. उघारीजवलचा."

उघाडी म्हणजे बांधातलं पाणी सोडायचं दार, आणि त्याला लागूनच आनंदरावांचा तुकडा. ते तसेच होडीत बसले. खाऱ्या पाण्यात आठ दिवस तगणारं भात ते. पाण्याची भीती नव्हतीच. पण तिथे जाऊन पाहतात तो भात नाही, तुकडा नाही, जमीनच नाही. बांध फुटला त्या तोंडातून खाडीने माती खरवडून नेली होती. जिथे उकिडवं बसून त्यांनी हजारो दाणे कातरले होते तिथे पुरुषभर पाणी वाहत होतं. मलमलीची एक पिशवी तिवराच्या काटकीला अडकली होती. तेवढीच खूण.

धाकू त्यांच्या तोंडाकडे बघायला धजेना. शेवटी म्हणाला, "बियानं हाय ना घरान?"

"आहे," आनंदराव म्हणाले, आणि त्यांना हसूच आलं. "दोन शेर आहे. अरे, तूच शिकवलंस ना, सगळं एका जागी ठेवू नये."

"मंग चिंता कंची? फुडल्या साली वरचा खाचर घ्या माजा. तिथं नाय यायचा पानी."

"आणि धाकू, तुलाही देतो. एक मूठ नव्हे, ओंजळभर." ते मनापासून म्हणाले. होडी परत वळली तेव्हा त्यांना वाटलं, इतकी वर्षं का अडवून धरलं आपण, काय गेलं असतं? आता दिलं की सुटलो.

धाकूला त्यांनी ओसरीवरच थांबवलं आणि स्वतः माजघरात गेले. उतरंडीवर वरचं मडकं पालथं घातलेलं होतं. धुऊन, पुसून. चुन्याचा आकडा पुसट दिसत होता.

"तुळसा, यातलं भात?"

तुळसा शेंगा सोलत बसली होती. तिने वर पाहिलं, आणि दादांनी आपण होऊन काही विचारलं याचंच तिला नवल वाटलं असावं, कारण ती खुलून बोलू लागली.

"ते पंचमीला केलं ना! तुम्हाला विचारलं होतं मी. देवभात असं कधी खाल्लं नाही हो, दादा. शिजताना घरभर वास. दाणा मऊ, आणि निवला तरी मऊच. घाईत मीठ घालायची राहिले, तरी अळणी लागला नाही."

"सगळं?"

"सगळं कांडलं. म्हटलं, उपासाचं राहिलं तर टोके, किडे व्हायचे. थोडा शेजारी दिला. न सोललेली साळ निघाली चार दाणे, ती चिमण्यांना टाकली." मग ती जरा थांबली आणि लाजल्यासारखी हसली. हे हसू त्यांनी तिच्या लहानपणानंतर पाहिलं नव्हतं. "आणि तुम्ही दोनदा मागून घेतलात. आठवतं ना? वाढ आणखी, म्हणालात. इतक्या वर्षांत कधी काही मागितलं नव्हतं तुम्ही माझ्याकडे. मला इतकं बरं वाटलं, की त्या दिवशी उपास असून पोट भरल्यासारखं झालं. पुढच्या पंचमीलाही हाच करीन. आणाल ना?"

आनंदराव उतरंडीला धरून उभे होते. आठवायचा त्यांनी फार प्रयत्न केला. एक घास तरी. चव नाही, वास नाही, काहीच नाही. चौदा वर्षांचं भात त्यांनी दोनदा मागून घेऊन खाल्लं होतं आणि त्यांना एवढंच आठवत होतं, की सातव्या सालची बेरीज चुकली होती.

ओरडावं असं त्यांच्या ओठाशी आलं. पण ओरडून काय होणार? ज्या घरात माणूस चौदा वर्षं 'हं' म्हणतो, तिथे दुसऱ्याच्या कानांना दोष कुठल्या तोंडाने द्यायचा? आणि तिला सांगितलं तर ते हसू या जन्मात परत यायचं नाही.

"आणीन," ते म्हणाले.

मग ते ओसरीवर गेले. धाकू ओंजळीसाठी उपरण्याचं टोक सोडून बसला होता. आनंदरावांनी नुसती मान हलवली. धाकूने आत पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि उपरणं पुन्हा खांद्यावर टाकलं.  तो भांडला असता तर बरं झालं असतं.

पुण्याच्या साहेबाला त्यांनी लिहिलं, की पीक वाहून गेलं आणि नमुना शिल्लक नाही. बियाण्याचं काय झालं ते लिहिलं नाही. साहेबाने दोन ओळींत खेद कळवला आणि तो कल्याणला उतरला नाही. वहीत त्र्याहत्तरच्या पानावर, जिथे चवीचा रकाना आजवर कोरा होता, तिथे आनंदरावांनी लिहिलं: दाणा मऊ, निवल्यावरही मऊ, मिठावाचून अळणी लागत नाही. पुढच्या साली त्यांनी धाकूच्या खाचरात पुन्हा कातर धरून पाहिली. हात इतका कापे की केसराबरोबर गर्भही फाटे. तीन सकाळी फुकट गेल्यावर त्यांनी कातर धाकूला देऊन टाकली, जाळी दुरुस्त करायला.

त्यांनी हे दुःख कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं जे एक माणूस होतं, नेमकं त्यालाच सांगता येत नव्हतं.

त्या सालच्या पंचमीच्या आधी मात्र ते शीळफाट्यापर्यंत पायी गेले. तिकडच्या एका कातकरणीने तळ्यावरचं देवभात राखून ठेवलं होतं, साधं, तांबडं, रानचं. ते शेरभर घेऊन आले. तुळसाने ते कांडलं, शिजवलं, आणि वाढून पंखा घेऊन समोर बसली. वही समोर नव्हती. आनंदरावांनी एकेक घास नीट चावून खाल्ला. भात जाडाभरडा होता आणि घशाला टोचत होता.

"मागच्यासारखा नाही झाला," तुळसा हिरमुसून म्हणाली.

"झालाय," आनंदराव म्हणाले, आणि ताट पुढे केलं. "वाढ आणखी."

ती वाढायला वाकली. ते संपवून त्यांनी दुसऱ्यांदा ताट पुढे केलं.